अक्षरावरची रेघ

बारावीला गणित शिकवणारे आमचे सर एका बाबतीत फार कडक होते. सदिशाच्या डोक्यावरची रेघ कुणी विसरलं तर ते सोडत नसत. आपल्या बोर्डाच्या गणिताच्या पुस्तकात सदिशाच्या अक्षरावर छोटी आडवी रेघ असते. उत्तर बरोबर, सगळ्या पायऱ्या बरोबर, पण एका ठिकाणी अक्षर बोडकं राहिलं, तर सर तांबड्या पेनाने ती रेघ स्वतः काढायचे आणि शेजारी वजा अर्धा लिहायचे. “रेघ गेली की दिशा गेली,” म्हणायचे. “मग राहिला नुसता आकडा.”

तेव्हा ते अर्धे मार्क फार लागायचे. पुढे इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअर लिहिणं हाच रोजचा उद्योग झाला, आणि गेली काही वर्षं अंतराळयुगाच्या सुरुवातीचे संगणक आणि त्यांच्या भाषा यांचा मला नादच लागला. जुन्या पुस्तिका आणि प्रोग्रामच्या स्कॅन केलेल्या प्रती मी रात्र रात्र वाचते. त्या वाचनात सरांची ती रेघ मला दोनदा भेटली. पहिल्या भेटीत एक यान गेलं. दुसरी भेट शेवटी सांगते.

२२ जुलै १९६२. अमेरिकेत केप कॅनव्हरलवरून पहाटेच्या अंधारात ॲटलस-एजिना रॉकेट उडालं. त्याच्या टोकावर मरिनर १ हे यान होतं आणि ते शुक्राकडे निघालं होतं. त्या काळी अशा रॉकेटला वाट दाखवण्याचं गणित जमिनीवर चालायचं. रडारने रॉकेटवर नजर ठेवायची, जमिनीवरच्या संगणकाने हिशोब करायचा आणि ‘थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे’ अशा आज्ञा रेडिओवरून पाठवायच्या. रडारचे आकडे कधीच स्थिर नसतात, ते थरथरतात. म्हणून वेगाचा आकडा जसा येईल तसा वापरायचा नाही, सरासरी काढून तो आधी सपाट करून घ्यायचा. कागदावर हे सगळं एका अक्षरात मावतं. अंतरासाठी ‘आर’, ते किती वेगाने बदलतंय हे सांगायला त्याच्यावर टिंब, आणि तो वेग सपाट करून घेतलेला आहे हे सांगायला त्या टिंबावर एक आडवी रेघ.

हाताने लिहिलेल्या समीकरणांवरून प्रोग्राम उतरवताना ती रेघ राहून गेली. सुरुवातीच्या बातम्यांत ‘हायफन राहिला’ असं आलं, पण तांत्रिक अंगाने ज्यांनी ही हकिगत नीट लावली, ते या रेघेकडेच बोट दाखवतात. रॉकेटवरच्या रेडिओ यंत्रणेत त्याच वेळी बिघाड झाला होता, त्यामुळे संगणकावरची भिस्त आणखी वाढली. संगणकाने थरथरते आकडे खरे धरले. रॉकेट बरंच नीट चाललेलं असताना ते भरकटतंय असं त्याला वाटलं, आणि ते सावरण्याच्या आज्ञांनीच रॉकेट खरोखर भरकटलं. उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी सुरक्षा अधिकाऱ्याने ते नष्ट केलं. आणखी सहा सेकंदांनी एजिना हा रॉकेटचा वरचा टप्पा ॲटलसपासून सुटला असता आणि मग ते नष्ट करण्याची आज्ञा पोचलीच नसती.

आपल्याकडे ‘ध चा मा’ ही गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ या आज्ञेचं ‘मारावे’ झालं आणि शनिवारवाड्यात रक्त सांडलं. पण त्या गोष्टीत एक हात आहे, एक मनसुबा आहे. मरिनरच्या गोष्टीत कुणाचाच मनसुबा नव्हता, म्हणून ती मला जास्त अस्वस्थ करते. कुणीतरी समोरचा कागद बघून प्रामाणिकपणे लिहून घेत होतं, आणि अक्षरावर एक टिंब आणि त्यावर एक रेघ अशी दुमजली खूण नजरेतून निसटली.

या अपघाताचं खापर कित्येक पुस्तकांनी फॉरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेवर फोडलं आहे. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला आणि यान गेलं, असं ठोकून दिलं जातं. ते खरं नाही. तशी चूक नासात सापडली होती खरी, पण मर्क्युरी मोहिमांसाठी कक्षेचं गणित करणाऱ्या प्रोग्राममध्ये, आणि तिच्यापायी कुठलंही यान गेलं नाही. फॉरट्रान मोकळ्या जागा विचारात घेत नसे. त्यामुळे ‘१ पासून ३ पर्यंत फेऱ्या मार’ या ओळीत स्वल्पविरामाचा पूर्णविराम झाला, की अख्खी ओळ ‘अमुक नावाच्या चलाची किंमत १.३’ अशी वाचली जायची, आणि कंपायलर, म्हणजे त्या भाषेचं यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा प्रोग्राम, काही तक्रार न करता पुढे जायचा. दोन गोष्टींची अशी सरमिसळ का झाली असेल ते कळतं. दोन्हीकडे बोटाच्या पेराहून लहान खूण आहे. पण मरिनरची चूक प्रोग्रामिंगच्या भाषेत झालीच नव्हती. ती भाषेपर्यंत पोचायच्या आधी, माणसाच्या गणिताचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर होतानाच्या वाटेवर झाली. ती वाट लांब होती आणि काळोखी होती.

ती वाट आखूड करायचा ध्यास एका माणसाने घेतला होता. नाव हॅल्कम लॅनिंग, लोक हॅल म्हणत. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठात ते गणिती होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे व्हर्लविंड नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता. लॅनिंग आणि त्यांचे सहकारी नील झिअर्लर यांनी त्यासाठी एक प्रणाली लिहिली. बीजगणितातलं समीकरण आपण वहीत लिहितो जवळजवळ तसंच यंत्राला द्यायचं, त्याच्या आज्ञा यंत्राने स्वतः तयार करायच्या. फॉरट्रान १९५७ मध्ये लोकांच्या हाती आली, त्याच्या कित्येक वर्षं आधीची ही गोष्ट. फॉरट्रानचे कर्ते जॉन बॅकस यांनीही ती प्रणाली पाहिली होती. तिची चाल फार संथ होती आणि यंत्राचा वेळ तेव्हा सोन्याच्या भावाचा होता, म्हणून ती फारशी पसरली नाही. लॅनिंगनी मात्र तो विचार सोडला नाही. दशकाच्या शेवटी एमआयटीच्याच इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘मॅक’ नावाची भाषा केली.

मॅकमध्ये एक समीकरण तीन ओळींत लिहायचं. मधल्या ओळीत मुख्य अक्षरं, वरच्या ओळीत घातांक, खालच्या ओळीत पायाशी येणारे अंक. प्रोग्राम तेव्हा ज्यांवर भोकं पाडून लिहायचे त्या पंचकार्डावर अक्षरं एका रांगेतच बसतात, त्यामुळे इतर भाषांनी घातांकासाठी दोन चांदण्या, पायाच्या अंकासाठी कंस, अशा तडजोडी केल्या. इथे त्यांनी गणिताला कार्डाच्या मापात कापायचं नाकारलं आणि गणितासाठी तीन कार्डं खर्ची घातली. देवनागरी लिहिणाऱ्याला यात नवल वाटू नये. आपली लिपी मुळातच तीन मजली आहे. वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार. ‘वर’ आणि ‘वैर’ यांत एका मजल्याचं अंतर असतं. वरखालचं सगळं एका रांगेत आणून लिहायला सांगितलं तर आपला जीव किती घुसमटेल, ते रोमन लिपीत मराठी टाईप करणाऱ्याला विचारावं.

मग अपोलो आलं. १९६१ मध्ये चांद्रयानाला वाट दाखवण्याची जबाबदारी याच लॅबोरेटरीकडे आली आणि लॅनिंगच्या विचाराची खरी कसोटी लागली. कारण यानात जाणारं यंत्र अगदी छोटं होतं. वजन ३२ किलोच्या आसपास. कायमस्वरूपी स्मृती ३६,८६४ शब्दांची, खोडून पुन्हा लिहिता येईल अशी फक्त २,०४८ शब्दांची. एक शब्द म्हणजे १५ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे १५ आकडे, शिवाय तपासणीचा एक. दशांश अपूर्णांक सांभाळायची सोय यंत्रात नव्हती. बिंदू कुठे आहे हे प्रोग्रामरने डोक्यात ठेवायचं. पृथ्वीजवळ यानाचं स्थान एका मापपट्टीत, चंद्राजवळ दुसऱ्या. आतलं गणित मीटरमध्ये आणि अंतराळवीरांना दाखवायचं फुटांत, कारण ते वैमानिक फुटांत विचार करत. हे सगळं असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या तुटक आज्ञांत लिहायचं.

असेंब्लीची मला ओळख आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची किट होती. एक छापील बोर्ड, सोळा आकडी-अक्षरी बटणं आणि वर सहा लाल आकडे, चार पत्त्याचे, दोन मजकुराचे. जर्नलमध्ये डावीकडे आज्ञा लिहायची, तक्त्यात तिचा सांकेतिक आकडा शोधायचा, उजवीकडे मांडायचा आणि मग एकेक करून बटणं दाबायची. ३ई म्हणजे पुढचा आकडा अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ठेव. ७६ म्हणजे थांब. एकदा तासभर खपून मी दोन १६ बिटी संख्यांचा गुणाकार भरत आणला होता. शेवटच्या चार बाइट राहिल्या आणि लोडशेडिंगची वेळ झाली. सहाही आकडे विझले. वीज आली तेव्हा किट कोरं होतं, पण मी बसून पुन्हा सगळं भरलं, कारण जर्नलमध्ये ओळ न् ओळ लिहिलेली होती. त्या दिवशी मला कळलं की असेंब्लीत लिहिताना आपण काय करायचंय ते सांगत नसतो, हात कुठे ठेवायचा ते सांगत असतो. दोन संख्यांची बेरीज तशी सांगता येते. पण चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचं स्थान, वेग आणि रोख, म्हणजे तीन दिशांच्या तीन तीन आकड्यांचे जुडगे, त्यांचे गुणाकार, त्यांचे एकक सदिश हे सगळं हात कुठे ठेवायचा या भाषेत लिहायचं म्हटलं, तर मरिनरची ती काळोखी वाट हजार पटींनी लांब झाली असती. आणि स्मृतीही पुरली नसती.

तेव्हा लॅबोरेटरीतल्या लोकांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत देखणं काम वाटतं. त्यांनी त्या छोट्या यंत्राच्या आत दुसरं, काल्पनिक यंत्र बसवलं. त्याला ते नुसतं ‘इंटरप्रिटर’ म्हणत. विचार लॅनिंगचा, आणि लिहिण्याचं काम मुख्यतः चार्ल्स मुन्त्स यांचं. या काल्पनिक यंत्राला व्हेक्टर, म्हणजे सरांचा सदिश, काय असतो ते माहीत होतं. ‘हा व्हेक्टर उचल’, ‘याचा एकक कर’, ‘याचा त्याच्याशी बिंदू-गुणाकार कर’, ‘फुली-गुणाकार कर’ अशा त्याच्या आज्ञा. त्याची प्रत्येक आज्ञा सात बिटांत बसायची, म्हणून १५ बिटांच्या एका शब्दात दोन आज्ञा मावायच्या. खऱ्या यंत्राने ती जोडी उचलायची, तिचा अर्थ लावायचा आणि त्या अर्थासाठी आपल्या खऱ्या, तुटक आज्ञांची लांबलचक मालिका चालवायची.

यात वेळ जायचा, पुष्कळ जायचा. जे यंत्र आधीच संथ आहे त्याच्यावर आणखी एक दुभाषी बसवायचा, हा सौदा पहिल्या नजरेला उफराटा वाटतो. पण त्यांच्याकडे वेळ थोडा तरी होता, जागा अजिबात नव्हती. चंद्राकडे जायला तीन दिवस लागतात, वाटेतली बरीचशी गणितं काही सेकंद उशिरा झाली तरी चालतात. म्हणून तातडीची कामं, म्हणजे इंजिनाची नळी वळवणं, यान स्थिर ठेवणं, ही थेट असेंब्लीत लिहिली. आणि ‘आपण कुठे आहोत, कुठे चाललोय’ हे विचारपूर्वक करायचं काम इंटरप्रिटरच्या भाषेत. एकाच प्रोग्राममध्ये पानागणिक भाषा बदलते. ते छापील कागद वाचताना मला दरवेळी वाटतं, घाईचं आणि विचाराचं अशा दोन आवाजांत एकच माणूस बोलतोय.

या दोन्ही प्रकारच्या कामांना आलटून पालटून यंत्रावर आणायचं काम करणारा एक्झिक्युटिव्ह हा प्रोग्रामही लॅनिंगनीच रचला. प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा आकडा, मोठा आकडा आला की लहान बाजूला. आणि व्हेक्टरचं गणित करणाऱ्या कामाला इंटरप्रिटरसाठी स्मृतीचा एक वेगळा तुकडा मिळायचा. शाळेत आपण गणिताच्या पेपरला शेवटचं पान कच्च्या कामासाठी ठेवायचो, तसा. असे कच्चे तुकडे होते फक्त पाच. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चं चांद्रयान उतरत असताना जे धोक्याचे इशारे आले, त्यांतला १२०२ जगाला माहीत आहे. तो आला तो नव्या कामाची नोंद ठेवायला जागा नव्हती म्हणून. पण एकदा १२०१ ही आला होता. त्याचा अर्थ, कच्च्या कामाची पाचही पानं भरली. उतरायला गरज नसलेल्या रडारच्या जोडणीतून निरर्थक खुणांचा मारा होत होता आणि तो यंत्राचा वेळ खात होता, त्यामुळे आधीची कामं संपायच्या आत पुढची येऊन थडकत होती. एक्झिक्युटिव्हने सगळी पाटी पुसली आणि महत्त्वाची कामं, ती जिथवर आली होती तिथून, पुन्हा मांडली. लोक सांगतात संगणक चुकला आणि माणसांनी उतरवलं. मला हे अन्यायाचं वाटतं. त्या यंत्राने त्या क्षणी जे केलं ते शिकवलेल्या विद्यार्थ्याचं काम होतं.

या प्रोग्रामच्या प्रती आज कुणालाही वाचायला मिळतात. आज्ञांच्या शेजारी प्रोग्रामरनी शेरे लिहून ठेवलेत. एका ठिकाणी उतरताना लागणाऱ्या रडारचा ॲन्टेना योग्य जागी नसेल तर अंतराळवीराला तो फिरवायला सांगायचं आहे. शेरा असा : ‘अंतराळवीरा, ते येडं कृपया फिरव की.’ त्याने फिरवलं असं कळवल्यावर यंत्र परत जाऊन तपासतं, तिथे शेरा आहे : ‘खोटं तर बोलत नाहीये ना, बघू.’ आणखी एका ओळीजवळ ‘तात्पुरतं, अशी आशा, आशा, आशा’. पंचविशीतल्या पोरापोरींनी रात्री जागून लिहिलेले हे शब्द मला समीकरणांइतकेच प्रिय आहेत.

लिहून झालं की प्रोग्राम अक्षरशः ओवला जायचा. वॉल्थम गावातल्या रेथिऑनच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून छोट्या चुंबकी कड्यांमधून तांब्याची तार न्यायच्या. तार कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. एका कड्यात १९२ बिट मावायचे. सुई कुठल्या छिद्रातून घालायची ते यंत्र दाखवायचं, सुई मात्र बाईच्याच हातात. या कामाला आठवडेच्या आठवडे लागत, आणि एकदा ओवलं की बदल नाही. लोडशेडिंग असो की वीज कोसळो, तो प्रोग्राम पुसला जाणं शक्य नव्हतं.

पण मग यान चंद्राजवळ असताना चूक निघाली तर? १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ च्या चांद्रयानात ‘उतरणं रद्द’ करायच्या बटणात धातूचा कण अडकला असावा, ते आपोआप दाबल्याच्या खुणा देऊ लागलं. इंजिन चालू होताच संगणकाने ते खरं मानलं असतं आणि यान परत वर नेलं असतं. ओवलेल्या आज्ञा बदलणं अशक्य. डॉन आइल्स या तरुण प्रोग्रामरने बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये, लॅबोरेटरीत बसून तोड काढली. खोडता येणाऱ्या त्या थोड्याशा स्मृतीत एक आकडा असा भरायचा, की ‘रद्द करायचा प्रोग्राम आधीच चालू आहे’ असं यंत्राला वाटावं. मग ते बटणाकडे बघणारच नाही. पुढे इंजिन पेटल्यावर आणखी काही आकडे. यानातले अंतराळवीर एडगर मिचेल यांनी संगणकाच्या एकोणीस बटणांच्या कळफलकावर ते दाबले. क्रियापद २१, नाम १, मग १०१०, मग १०७. कळफलकावर खरोखरच ‘क्रियापद’ आणि ‘नाम’ अशी दोन बटणं होती. आधी काय करायचं, मग कशाचं. आपण क्रियापद शेवटी ठेवणारी माणसं, त्यामुळे हा क्रम मला अजून उलटा वाटतो. पण एक एक आकडा दाबणारं ते बोट मला ओळखीचं वाटतं.

अपोलोच्या लॅबोरेटरीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी १९६९ मध्ये इंटरमेट्रिक्स नावाची कंपनी काढली. पुढे नासाने स्पेस शटलसाठी भाषा करण्याचं काम त्यांना दिलं. तिचं नाव ‘हॅल/एस’. लॅनिंगच्या नावावरून ते आलं असं त्या वर्तुळातली माणसं सांगतात. भाषेच्या अधिकृत पुस्तिकेत मॅकचं ऋण मानलेलं आहे आणि त्यापाठोपाठ डॉ. लॅनिंग यांचं नाव. माणसाला वाचता येईल अशी उच्च पातळीची भाषा यानावरच्या यंत्राला परवडेल का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. शेवटी शटलच्या पाच संगणकांवरचं उड्डाणाचं बहुतेक सॉफ्टवेअर हॅल/एसमध्ये लिहिलं गेलं. १२ एप्रिल १९८१ ला कोलंबिया हे पहिलं शटल त्याच्या भरवशावर उडालं आणि २०११ च्या जुलैत अटलांटिस उतरेपर्यंत ती भाषा उडत राहिली. तीस वर्षं. लॅनिंग त्यानंतर वर्षभराच्या आत गेले.

या भाषेची एक जुनी पुस्तिका मला स्कॅन केलेल्या रूपात सापडली. समीकरण तीन ओळींत लिहायची मुभा, मॅकसारखीच. त्या पानावर मी थबकले. प्रोग्रामरने एकदा सुरुवातीला सांगायचं की अमुक नाव व्हेक्टरचं आहे. त्यानंतर त्याने ते कसंही साधं टाईप करू दे, कंपायलर छापील प्रत काढताना प्रत्येक ठिकाणी त्या नावाच्या वरच्या ओळीत स्वतःहून एक आडवी रेघ छापायचा.

त्या पानाची प्रिंट घेऊन दिवाळीच्या सुट्टीत मी सरांकडे गेले. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. मरिनरची हकिगत त्यांनी डोळे मिटून ऐकली. मी पान पुढे केलं.

“आणि प्रोग्रामर रेघ विसरला तर?”

“त्याने काढायचीच नाही, सर. यंत्र काढतं.”

“आणि ह्या चांदण्या?”

“मॅट्रिक्सवर.”

सरांनी चष्मा मागवला. पान उजेडात धरलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर तपासायला घेतलं. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो तसाच निवत राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावर त्यांनी खिशाला हात लावला, पेन काढलं, आणि समासात एक बरोबरची खूण केली.